झेब्रा घोडा का झाला नाही

संपादक महोदय,

झेब्र्याविषयी मराठीत काही छापून आले की त्यात एक वाक्य हमखास असते. घोड्यांच्या कळपाला पुढारी असतो, त्याला ताब्यात घेतले की कळप ताब्यात येतो. झेब्र्यांना पुढारी नसतो, म्हणून ते माणसाला पाळता आले नाहीत. आपल्या पुरवणीतील प्राण्यांवरच्या मजकुरातही ते आले. वाक्य सुटसुटीत आहे, मुलांच्या चटकन लक्षात राहते, पण ते चुकीचे आहे. पुरवणीची कात्रणे शाळेच्या वह्यांत चिकटवली जातात, म्हणून सविस्तर लिहितो.

झेब्र्याच्या जाती तीन. सेरेंगेटीच्या चित्रांत दिसतो तो मैदानी झेब्रा, दक्षिण आफ्रिका-नामिबियाच्या डोंगरांतला पहाडी झेब्रा आणि केनिया-इथिओपियातला, अगदी बारीक पट्ट्यांचा ग्रेव्ही झेब्रा. यांतल्या पहिल्या दोघांचे कुटुंब आणि रानटी घोड्याचे कुटुंब यांत फारसा फरक नाही. एक नर, दोन ते पाच-सहा माद्या आणि त्यांची शिंगरे. माद्यांमध्ये मानाची उतरंड ठरलेली असते. पाण्याकडे निघताना वरच्या मानाची मादी पुढे, तिच्या मागे तिचे शिंगरू, मग दुसरी मादी. नर बहुधा शेवटी किंवा बाजूने चालतो. नर मेला तरी माद्या विखुरत नाहीत, दुसरा नर येऊन अख्खे कुटुंब सांभाळतो. दुरून दिसणारा हजारो झेब्र्यांचा समुदाय हा अशा कुटुंबांचाच जमाव असतो. ज्याने तो जमावच पाहिला, त्याला आतली घडी दिसत नाही.

पुढारी नसलेला झेब्रा म्हणायचा तर तो फक्त ग्रेव्ही. त्याचा नर काही चौरस किलोमीटरचा मुलूख राखून असतो आणि माद्या आपल्या सोयीने येत-जात राहतात. पण आफ्रिकेतला रानगाढवही अगदी असाच राहतो, आणि त्याच रानगाढवापासून आपले गाढव झाले. पूर्व आफ्रिकेत, सुमारे ७००० वर्षांपूर्वी, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसते. ज्याला पुढारी आहे तो मैदानी झेब्रा पाळीव झाला नाही आणि ज्याला पुढारी नाही तो रानगाढव मात्र पाळीव झाला. नियम दोन्ही टोकांना तुटतो. आफ्रिकेतल्या माणसांना प्राणी पाळण्याची कला अवगत नव्हती, हा या वाक्यामागे दडलेला समजही त्याच घटनेने खोटा ठरतो. त्यांच्या हाती ओझे वाहणारे गाढव होते, बैल होता. मग झेब्र्याच्या मागे कोण कशाला लागेल?

आता झेब्रा म्हणजे पट्टे असलेला घोडा, ही दुसरी समजूत. झेब्रा घोड्यापेक्षा गाढवाच्या अधिक जवळचा आहे. घोड्याची शाखा गाढव-झेब्र्यांच्या शाखेपासून साधारण ४० ते ४५ लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. घोड्याच्या पेशीत ६४ गुणसूत्रे, गाढवाच्या ६२, ग्रेव्हीच्या ४६, मैदानी झेब्र्याच्या ४४ आणि पहाडी झेब्र्याच्या अवघी ३२. एवढा फरक असूनही त्यांचा संकर होतो. मात्र त्यातून जन्मणारे शिंगरू खेचराप्रमाणेच सहसा वांझ असते.

अंगावरच्या खुणा पाहा. पाळीव घोड्याची आयाळ एका बाजूला पडते आणि कपाळावर झुलपे येतात. झेब्र्याची आयाळ ताठ उभी असते, झुलपे नसतात. घोड्याच्या शेपटीला मुळापासून लांब केस, झेब्र्याच्या शेपटीला गाढवासारखा टोकाला झुबका. घोड्याच्या बहुधा चारही पायांना आतल्या अंगाने केस नसलेली, शिंगासारखी कडक गाठ असते. झेब्र्याला आणि गाढवाला ती फक्त पुढच्या पायांना असते. झेब्र्याचे खूर अरुंद आणि उभट. मैदानी झेब्रा खिंकाळत नाही. त्याचा आवाज भुंकण्याकडे झुकणारा, तुटक असतो, तर ग्रेव्हीचे ओरडणे गाढवाच्या जवळ जाते. घोडी अकरा महिने गाभण राहते, झेब्र्याची मादी बारा ते तेरा.

खोगिराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पाठीची. घोड्याच्या मानेखाली, पाठ सुरू होते तिथे, चांगला उंचवटा असतो आणि खोगीर त्याला धरून बसते. झेब्र्यात तो उंचवटा जवळपास नसतो. पाठ सपाट, पोट गोल. तंग, म्हणजे पोटाखालून बांधायचा खोगिराचा पट्टा, कितीही आवळला तरी खोगीर पुढे सरकते किंवा बाजूला फिरते. मान आखूड, जाड आणि ताठ असल्यामुळे लगामाने तोंड वळवणे कठीण. वजनाचाही प्रश्न आहे. जनावराने आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त ओझे नेहमी वाहू नये, असा साधारण ठोकताळा आहे. मैदानी झेब्रा ३०० किलोचा धरला तर खोगीर आणि स्वार मिळून ६० किलो झाले. मात्र उंचीच्या कमतरतेला फार महत्त्व देऊ नये. मराठ्यांच्या फौजेतली भीमथडीची तट्टेही काही उंचीपुरी नव्हती, आणि त्यांनी काय केले ते महाराष्ट्राला सांगायला नको.

खरी अडचण स्वभावाची आहे, आणि ती समजण्यासाठी चाबुकस्वार, म्हणजे घोडे शिकवणारा, नवा घोडा कसा फेरतो, स्वारीला कसा तयार करतो, ते डोळ्यांपुढे आणावे लागेल. आधी शिंगराला माणसाच्या हाताची सवय, मग म्होरकी. मग दावणीला उभे राहणे, खरारा करू देणे, नालबंदासाठी पाय उचलू देणे. त्यानंतर लांब दोरावर काव्यावर, म्हणजे गोलाकार, फिरवणे, पाठीवर रिकामी झूल, हलका तंग, तोंडात लगाम, आणि सर्वांत शेवटी स्वार. या सगळ्या पायऱ्यांच्या बुडाशी एकच गोष्ट असते : दोर ताणला की घोडा थोडा वेळ झगडतो, मग एक पाऊल ताणाच्या दिशेने टाकतो. त्या क्षणी चाबुकस्वार दोर सैल सोडतो. ऐकले की मोकळीक मिळते, हे घोड्याला दोन-चार वेळांत कळते. झेब्र्याच्या बाबतीत गाडी नेमकी इथे अडते. दोर ताणला की तो मागे ओढतो, उलटा पडतो, पुन्हा उठून ओढतो, आणि दमून थांबला तरी त्याने काही मान्य केलेले नसते. घाबरलेला, पाठलाग करून पकडलेला वन्य प्राणी असा झगडत राहिला तर त्याचे स्नायू आतून फुटतात, लघवी काळसर होते आणि पकडल्यानंतर काही तासांनी किंवा दिवसांनी तो मरू शकतो. पशुवैद्यकांना ही अवस्था ठाऊक आहे. ‘थकवून वठणीवर आणू’ हा उपाय म्हणूनच इथे धोक्याचा ठरतो.

झेब्रा चावतो तेव्हा पकड सहजी सोडत नाही. नर एकमेकांशी लढताना मानेवर आणि पायांच्या सांध्यांवर दात रोवतात. तीच पद्धत तो माणसावर वापरतो. त्याच्या लाथेने सिंहाचाही जबडा निकामी होऊ शकतो. फास डोक्याकडे येताना दिसला की तो मान खाली घालून चुकवतो. सिंह, तरस आणि लाखो वर्षे शिकार करणारा माणूस या तिघांच्या शेजारात जो टिकला, तो असाच असणार.

पिल्लू बाटलीने वाढवले तर काम सोपे होईल, असे अनेकांना वाटते. पहिली दोन वर्षे तसे वाटतेही. पण असा नर वयात आला की माणसाची भीती नसलेला, आणि माणसालाच आपला प्रतिस्पर्धी मानणारा तीनशे किलोंच्या आसपासचा प्राणी दारात उभा असतो. हे पिल्लू त्याच्या कुटुंबाबरोबर वाढवावे आणि मधे कुंपण ठेवून माणसाची सवय करावी, हेच शहाणपणाचे. प्राणिसंग्रहालयांत पुष्कळदा झेब्र्याचे वाढलेले खूर तासण्यासाठीही इटॉर्फिनसारखे जबरदस्त औषध देऊन त्याला बेशुद्ध करावे लागते. त्या औषधाचा थेंबभर अंशही माणसाच्या रक्तात गेला तर जीव जाऊ शकतो, म्हणून त्यावरचा उतारा आधीच तयार ठेवून मगच सुई भरतात. घोड्याला जे काम नालबंद गुडघ्यावर पाय घेऊन करतो, त्यासाठी ही सगळी तयारी!

तरीही झेब्र्याला कामाला लावण्याचे प्रयत्न झाले आणि ते वेडेपणाचे नव्हते. त्यामागे अश्वज्वर होता, म्हणजे आफ्रिकेतला घोड्यांचा विषाणुजन्य आजार. बारीक चिलटे तो पसरवतात. ताप चढतो, डोळ्यांवरच्या खळग्यांत सूज येते, नाकातून फेस येतो आणि लागण झालेल्या घोड्यांपैकी बहुतेक दगावतात. १८५४-५५च्या साथीत दक्षिण आफ्रिकेतल्या केप वसाहतीत सुमारे ७०,००० घोडे मेले, तिथल्या एकूण घोड्यांच्या चाळीस टक्क्यांहून अधिक. झेब्रा मात्र त्याच कुरणात धडधाकट चरत होता. त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या रोगालाही तो घोड्याइतका बळी पडत नाही. मग दक्षिण आफ्रिकेतल्याच ट्रान्सवालमधल्या झीडरबर्गच्या टपालगाड्यांना खेचरांबरोबर झेब्रे जुंपून पाहिले गेले. जर्मन पूर्व आफ्रिकेत (आजचा मुख्यतः टांझानिया) लष्करी अधिकाऱ्यांनी ते फेरून पाहिले. लंडनमध्ये प्राणिशास्त्राचे शौकीन धनिक वॉल्टर रॉथशिल्ड यांनी झेब्र्यांची गाडी थेट बकिंगहॅम राजवाड्यापर्यंत नेली.

यांत सर्वांत जाणकार माणूस कॅप्टन होरेस हेज. तो पशुवैद्यक होता, घोडे फेरण्यात वाकबगार होता आणि त्याने हिंदुस्थानात पुष्कळ काम केले होते. १८९१ साली त्याने एका वयात आलेल्या पहाडी झेब्र्याला दोन दिवसांत इतके शांत केले की त्याची पत्नी ॲलिस त्यावर बसली आणि तिचे छायाचित्रही निघाले. मैदानी झेब्र्याबद्दल तर त्याचे मत फारच अनुकूल होते; तो फेरायला सोपा आहे आणि पाळण्यास योग्य आहे, असे त्याने लिहिले. झेब्रा कधीच ऐकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. एकेकटा झेब्रा, निष्णात माणसाच्या हाताखाली, गाडी ओढू शकतो आणि पाठीवर माणूसही घेऊ शकतो.

पण एक जनावर शांत होणे वेगळे आणि जात पाळीव होणे वेगळे. शांत केलेल्या झेब्र्याचे पिल्लू पुन्हा तितकेच रानटी जन्मते. पाळीव जातीत शांतपणा रक्तात उतरलेला असतो, आणि तो उतरायला पिढ्यानुपिढ्या निवड करावी लागते. घोड्याचेही तसेच झाले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, २७३ प्राचीन घोड्यांच्या डीएनएच्या अभ्यासानुसार आजच्या सर्व पाळीव घोड्यांचे मूळ रशियातल्या व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांत सापडते, आणि इसवी सनापूर्वी २२००च्या सुमारास तो वाण झपाट्याने सगळीकडे पसरला. त्या वाणात दोन जनुकांवर निवडीचा ठळक ठसा दिसतो. एकाचा संबंध पाठीच्या कण्याशी, दुसऱ्याचा भीती आणि ताण सोसण्याशी. झेब्रा ज्या दोन गोष्टींत कमी पडतो, नेमक्या त्याच! म्हणजे घोडाही तयार होऊन माणसाकडे आला नव्हता.

सैबेरियात नोव्होसिबिर्स्क इथे जनुकशास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून चंदेरी कोल्ह्यांवर हाच प्रयोग केला. प्रत्येक पिढीतले सर्वांत कमी बुजणारे थोडेच कोल्हे वीण घेण्यासाठी निवडले आणि चार-सहा पिढ्यांत माणसाला पाहून शेपटी हलवणारी पिल्ले दिसू लागली. पण कोल्ही वर्षाची झाली की विते आणि एका वेतात चार-पाच पिल्ले देते. झेब्र्याची मादी तीन वर्षांच्या आत क्वचितच विते, एका वेळी एकच शिंगरू, आणि पुढचे व्हायला वर्ष-दीड वर्ष. घाई करून पाच वर्षांची पिढी धरली तरी दहा पिढ्यांना पन्नास वर्षे लागणार. शिवाय निवडीला वाव राहण्यासाठी काही शेकडा जनावरे, नको असलेले नर खच्ची करण्याची सोय आणि तेवढे भक्कम कुंपण हवे. आफ्रिकेतले प्रयत्न वीस-पंचवीस वर्षांत आटोपले. रानातून पकडलेली जनावरे फेरली, ती मेली किंवा विकली गेली. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीपर्यंत कोणी पोहोचलेच नाही. तोवर मोटार आली, १९०८ साली प्रिटोरियाजवळ ऑन्डरस्टेपूर्टची पशुवैद्यक संस्था उभी राहिली आणि १९३०च्या दशकात अश्वज्वरावर चांगली लस मिळाली. झेब्र्याची गरजच उरली नाही. माझ्या मते त्याच्या रानटीपणाइतकेच हेही कारण मोठे आहे, आणि ते कुठेच छापून येत नाही.

हेजला पाळण्यास सर्वांत योग्य वाटला होता तो क्वागा, पुढच्या अर्ध्या अंगावरच पट्टे असलेला मैदानी झेब्र्याचा दक्षिणेकडचा प्रकार. त्याने हे लिहिले तेव्हा क्वागा उरलाच नव्हता. कातड्यासाठी आणि मेंढ्यांची कुरणे मोकळी करण्यासाठी तो मारला गेला. शेवटची मादी १२ ऑगस्ट १८८३ रोजी ॲमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेली.

आपल्याकडे झेब्र्याची नोंद चारशे वर्षांपूर्वीची आहे. १६२१ साली मीर जाफर नावाच्या एकाने आणलेला हबसाणातला (आजच्या इथिओपियातला) झेब्रा जहांगीर बादशहापुढे आला. पट्टे रंगवलेले असावेत अशी शंका दरबारात निघाली, कसून तपासणी झाली आणि ते जन्मजात असल्याची खात्री पटली. दरबारी चित्रकार उस्ताद मन्सूरने काढलेले त्याचे चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. प्राणी पुढे इराणच्या शाह अब्बासकडे भेट म्हणून गेला. त्या पट्ट्यांचा उपयोग काय, यावर पुष्कळ वाद झाले. आता पुरावा चावऱ्या माश्यांच्या बाजूने झुकला आहे. २०१९ साली इंग्लंडमध्ये घोड्यांना पट्टेदार झुली घालून पाहिल्या तेव्हा गोमाश्या जवळ आल्या तेवढ्याच, पण झुलीवर बसल्या फार कमी. त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गाईंवर पांढरे पट्टे रंगवले, तेव्हा माश्यांचे बसणे जवळजवळ निम्म्यावर आले. आपल्याकडे गोमाश्यांमुळे घोड्यांना सर्रा हा रक्तातला परजीवी रोग होतो. पागेतल्या घोड्याला पावसाळ्यात पट्टेदार झूल घालून पाहायला खर्च थोडा आहे आणि नुकसान काहीच नाही. मात्र औषध-फवारणीला ती पर्याय नाही.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत निकडीचा वाटतो. अश्वज्वराचा विषाणू झेब्र्याच्या रक्तात चाळीस दिवसांपर्यंत राहू शकतो आणि झेब्रा त्या काळात आजारी दिसत नाही. १९८७ साली नामिबियातून माद्रिदजवळच्या सफारी उद्यानात आणलेल्या झेब्र्यांबरोबर हा रोग स्पेनमध्ये शिरला आणि १९९० पर्यंत पुन्हा पुन्हा उसळत राहिला. २०२० साली थायलंडमध्ये पाचशेहून अधिक घोडे मेले. तिथेही आयात झेब्र्यांवरच संशय आहे. १९६०च्या सुमारास पश्चिम आशियातून आलेल्या साथीत हा रोग भारतातही पोहोचला होता. पुणे परिसरातील अश्वपैदास केंद्रे, महालक्ष्मी आणि पुण्याची रेसकोर्स, सारंगखेड्याच्या यात्रेत एकत्र येणारे हजारो घोडे आणि राज्यभरातली लग्नाची घोडी, गाढवे, खेचरे या सर्वांना अश्वज्वराची लस टोचलेली नाही.

म्हणून महाराष्ट्रात कुठल्याही प्राणिसंग्रहालयाने झेब्रे आणायचे ठरवले तर काही अटी कागदावर नव्हे, प्रत्यक्ष पाळल्या जाव्यात. रोगमुक्त देशातूनच जनावर घ्यावे. निघण्यापूर्वी आणि आल्यानंतर रक्ताची तपासणी व्हावी, आणि ती प्रतिपिंडांपुरती न ठेवता विषाणूच्या जनुकांचीही असावी. विलगीकरण किमान चाळीस दिवसांचे असावे. चिलट एक ते तीन मिलिमीटरचे असते, ते साध्या मच्छरदाणीतून सहज आत जाते. त्यामुळे विलगीकरणाच्या गोठ्याला त्याहून बारीक जाळी आणि तिच्यावर कीटकनाशक हवे. चिलटांचा जोर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत असतो, तेव्हा त्या वेळात जनावर आत बंद असावे. ओले शेण आणि चिखल हीच त्यांची पैदाशीची जागा, म्हणून ते रोज उचलले जावे. आणि आयात पावसाळ्यात किंवा पावसाळा संपताना नको. जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांतच व्हावी.

आपला,
एक पशुवैद्यक, पुणे जिल्हा